छापील पुस्तक की टॅब? – पालक सभासदांसाठी एक अभ्यास



ऊस, खत, पाणी आणि भाव या चार गोष्टींवर आपण या अंकात नेहमी बोलतो. या वेळी विषय थोडा वेगळा घेतला आहे. आपल्या पोरांच्या दप्तरातले छापील पाठ्यपुस्तक जाऊन त्या जागी टॅब यावा काय, असा प्रश्न आता गावोगावच्या शाळांत विचारला जाऊ लागला आहे. काही पालक म्हणतात, "आणा एकदाचे टॅब, ओझं तरी कमी होईल." काही म्हणतात, "घरात मोबाईल आहे तोच पुरे झाला, आता शाळेत पण तेच कशाला?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. म्हणून दोन्ही बाजू समोर ठेवून, हिशेब मांडून, मग निर्णय घ्यावा, यासाठी हा लेख.

आपल्या भागाला हा प्रश्न इतरांपेक्षा जास्त जवळचा आहे. हिंजवडीच्या माळावर आधी साखर कारखाना उभा राहायचा होता. तिथं आयटी पार्क करू, कारखान्याला दुसरी जागा पाहू, असे आपण सुचवले, ही हकिकत शरद पवार यांनी जाहीर भाषणांतून सांगितली आहे. त्याप्रमाणे कारखाना कासारसाई-दारुंब्रेला झाला आणि हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या. आज एका बांधावर ऊस आणि रस्त्यापलीकडे काचेच्या इमारती, असे आपले चित्र आहे. त्या इमारतींकडे बघून "आपलं पोर मागं पडेल" ही धास्ती आपल्याला वाटते, ती खोटी नाही. पण धास्तीपोटी केलेली खरेदी महागात पडते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

दुसरेही एक कारण आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे ठराविक मर्यादेवरच्या कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्चावे लागतात. हिंजवडी-चाकण पट्ट्यात अशा कंपन्या पुष्कळ. त्यामुळे "तुमच्या शाळेला टॅब देतो" असा देणगीदार कोणत्याही गावात कधीही येऊ शकतो. तो आला तर शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या आपल्याच माणसाला होय किंवा नाही म्हणायचे आहे.

१. छापील पुस्तकाने काय दिले

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळ, म्हणजे आपली बालभारती, २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात स्थापन झाली. चांगले, बिनचूक आणि स्वस्त पुस्तक राज्यभर सर्वांना सारखे मिळावे, हा त्यामागचा विचार. मुळशीतल्या वाडीवरचा मुलगा आणि मुंबईतल्या चाळीतली मुलगी एकच धडा वाचतात, ही गोष्ट आपल्याला आता इतकी सवयीची झाली आहे की तिचे मोल ध्यानात येत नाही. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत पहिली ते आठवीच्या मुलांना ही पुस्तके मोफत मिळतात.

पुस्तकाचे गुण साधे आहेत. त्याला चार्जिंग लागत नाही. लाईट गेली तरी ते बंद पडत नाही. पावसात भिजले तर वाळवता येते. थोरल्याचे धाकट्याला चालते. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे आई-बापाला दिसते, की पोर कुठल्या पानावर आहे. फारसे न शिकलेली माऊलीसुद्धा पुस्तक उघडून "कुठवर आलं रे?" असे विचारू शकते.

२. ओझ्याची तक्रार खरी आहे

छापील पुस्तकाविरुद्धची मुख्य तक्रार ओझ्याची. ती खरी आहे. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असे राज्य शासनाने २०१५ साली ठरवून दिले आणि केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणातही तीच मर्यादा आहे. म्हणजे पंचवीस किलोच्या पोराच्या पाठीवर अडीच किलो. आता हे दप्तर आपापल्या घरी वजनकाट्यावर ठेवून पाहावे. काट्याचे महत्त्व आम्ही ऊस उत्पादकांना काय सांगावे!

पण ओझे कमी करायला टॅब हा एकच उपाय आहे असे नव्हे. २०२३-२४ पासून आपल्या राज्याने दुसरी ते आठवीची पुस्तके चार भागांत विभागून दिली होती. एका वेळी सगळ्या विषयांचे मिळून एकच पातळ पुस्तक न्यायचे, आणि त्यातच नोंदीसाठी कोरी पाने. पुढे कोऱ्या पानांचा उपयोग हवा तसा होत नाही असे दिसले आणि जानेवारी २०२५ मध्ये शासनाने ती कोऱ्या पानांची योजना बंद केली. तात्पर्य, कागदाच्या आत राहूनही ओझ्यावर उपाय शोधता येतात. ते करून पाहावे लागतात आणि जमले नाही तर बदलावे लागतात. एक संच शाळेत, एक घरी. वेळापत्रकाप्रमाणे तेवढीच पुस्तके. जुन्या पुस्तकांची शाळेत पेढी. या गोष्टी तर गावाला स्वतः करता येतात.

३. आपल्याकडचे प्रयोग

५ ऑक्टोबर २०११ रोजी केंद्र सरकारने 'आकाश' नावाचा स्वस्त टॅब मोठ्या गाजावाजाने आणला. विद्यार्थ्यांच्या हातात कमीत कमी किमतीत संगणक द्यायचा, हा हेतू चांगला होता. परंतु यंत्र मंद चाले, बॅटरी लवकर उतरे, आणि ते देशाच्या शाळा-कॉलेजांत काही रुजले नाही.

२०१५ साली मुंबई महानगरपालिकेने आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब दिले. पाठ्यपुस्तके टॅबमध्ये भरायची आणि दप्तर हलके करायचे, असा उद्देश. म्हणजे आपल्या लेखाचा विषय जो, तोच तिथे प्रत्यक्ष करून पाहिला गेला. पुढे बरेच टॅब नादुरुस्त झाल्याच्या बातम्या येत राहिल्या. शिवाय २०१८ साली आठवीचा अभ्यासक्रमच बदलला. पुस्तक बदलले की नवे छापून येते. टॅबमधला मजकूर मात्र कोणी तरी प्रत्येक यंत्रात पुन्हा भरावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

याच काळात सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी वेगळी वाट धरली. पुस्तक काढून न टाकता त्यांनी पुस्तकालाच क्यूआर कोड जोडला. धडा छापील वाचायचा. आवाज ऐकायचा असेल, चित्रफीत बघायची असेल किंवा सराव करायचा असेल तर मोबाईल त्या चौकोनावर धरायचा. राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ही कल्पना घेतली गेली, देशपातळीवरही आली. डिसले गुरुजींना २०२० साली दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी इतर नऊ अंतिम स्पर्धकांत वाटून दिली, हे आपण वाचले असेलच. आज पोराच्या बालभारतीच्या पुस्तकात जो चौकोनी ठिपक्यांचा ठसा असतो, त्याच्यामागे ही गोष्ट आहे. 'दीक्षा' नावाच्या ॲपवरून तो ठसा उघडतो. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर तर सगळी पुस्तके फुकट उतरवून घेता येतात.

करोनाच्या काळात, मार्च २०२० पासून शाळा बंद पडल्या, तेव्हा आपण सगळ्यांनीच पडद्यावरची शाळा पाहिली. डोंगराकडच्या वाड्यांवर रेंजसाठी पोरं टेकडीवर चढायची. त्याच वेळी जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका लागत होती. ती बालभारतीच्याच पुस्तकांवर होती, आणि तिला ना डेटा लागत होता ना टॅब. यंत्र कोणते, यापेक्षा ते किती घरांत पोचते हे महत्त्वाचे, हा धडा तेव्हा मिळाला.

४. बाहेरच्या देशांत काय झाले

पेरू या देशाने गरीब मुलांना साडेआठ लाखांवर लॅपटॉप वाटले. त्यातल्या ३१९ शाळांचा अभ्यास झाला आणि २०१२ साली निष्कर्ष जाहीर झाले. मुलांचा संगणकाशी परिचय वाढला, पण गणितात किंवा भाषेत प्रगती झाल्याचा पुरावा मिळाला नाही. यंत्र दिले, शिकवण्याची पद्धत मात्र तीच राहिली.

स्वीडन हा श्रीमंत आणि यंत्रांत पुढारलेला देश. त्यांनी शाळांत पडदे भरपूर आणले होते. २०२३ साली तिथल्या सरकारने दिशा बदलली आणि त्या वर्षी शाळांना छापील पुस्तके घेण्यासाठी ६८ कोटी ५० लाख क्रोनर मंजूर केले. लहान मुलांनी कागदावर वाचावे, हाताने लिहावे, असा तिथे आता आग्रह आहे.

दक्षिण कोरियाने मार्च २०२५ पासून गणित, इंग्रजी आणि संगणक या विषयांत कृत्रिम बुद्धिमत्तेची डिजिटल पाठ्यपुस्तके काही इयत्तांत सुरू केली. पालक-शिक्षकांनी तक्रारी केल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा बदलून त्यांचा पाठ्यपुस्तकाचा दर्जा काढून घेतला. आता ते पूरक साहित्य आहे.

या तिन्ही देशांनी यंत्र फेकून दिलेले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. त्यांना कळले ते एवढेच, की मुख्य पीक कोणते आणि आंतरपीक कोणते, याची गल्लत करू नये.

५. कागद आणि पडदा : वाचण्यात फरक पडतो काय?

पडतो. २०१८ साली परदेशी संशोधकांनी आधीच्या ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांत एकूण एक लाख सत्तर हजारांवर वाचक होते. तोच मजकूर कागदावर वाचला तर पडद्यापेक्षा समज चांगली येते, असे आढळले. गोष्टीच्या पुस्तकात फरक फारसा नव्हता. माहितीचा धडा असेल आणि वेळ मोजून दिलेला असेल, तर तो ठळक होता. आपल्या पोरांचा अभ्यास आणि परीक्षा म्हणजे नेमके हेच.

कारण समजून घेऊ. पडद्यावर बोट सरकवत भराभर खाली जायची सवय लागते. वरवर वाचले तरी "समजलं" असे वाटते. कागदावर मजकुराला जागा असते. ती व्याख्या डाव्या पानावर, वरच्या चित्राच्या शेजारी होती, असे पोराला आठवते. शिवाय पुस्तकात दुसरे काही उघडत नाही. टॅबमध्ये भूगोलाच्या धड्याच्या शेजारीच खेळ आणि रील्स बसलेले असतात.

'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या २०२४ च्या पाहणीत हे आकड्यांत दिसले. चौदा ते सोळा वयाच्या मुलांपैकी ऐंशी टक्क्यांवर मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचे काही केले असे ५७ टक्क्यांनी सांगितले; समाजमाध्यमे पाहिली असे ७६ टक्क्यांनी. म्हणजे यंत्र वापरायला आपल्या पोरांना शिकवावे लागत नाही. ते कशासाठी वापरायचे, हे शिकवावे लागते.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या ऊसवाल्या गावाने २०२२ साली यावर गावठी उपाय काढला. संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही-मोबाईल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. थोर माणसांनीही फोन खाली ठेवायचा, ही त्यातली खरी मेख आहे.

६. मग यंत्राचा उपयोग नाहीच काय?

आहे, आणि चांगला आहे. २०१५ साली दिल्लीत एक अभ्यास झाला. शाळा सुटल्यावरच्या केंद्रात मुले संगणकावर सराव करीत. त्या प्रणालीची खुबी अशी, की पोर सातवीत असले पण गणित चौथीचे येत असेल, तर ते त्याला चौथीपासून उदाहरणे देई आणि हळूहळू वर आणी. साडेचार महिन्यांत त्या मुलांची गणितात आणि हिंदीत चांगली प्रगती झाली. वर्गात चाळीस मुले चाळीस पायऱ्यांवर असतात. एकट्या गुरुजींना प्रत्येकाच्या पायरीवर उतरणे शक्य नसते. तिथे यंत्र मदतीला येते.

तसेच इंग्रजीचा उच्चार ऐकणे, हृदय कसे चालते ते हलत्या चित्रात पाहणे, डोळ्यांनी अधू असलेल्या मुलाला धडा ऐकवणे, पुस्तक हरवले किंवा उशिरा आले तर ते उतरवून घेणे, ही कामे यंत्र उत्तम करते. पण या सगळ्यात ते पुस्तकाच्या जोडीला आहे, जागेवर नाही.

७. हिशेब मांडून पाहू

खालचे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या शाळेचे आकडे घालून हाच हिशेब करावा.

समजा, शाळेचा पट ६० आहे. दर मुलामागे एक टॅब, किंमत १०,००० रुपये. खर्च ६ लाख. टॅब चार वर्षे चालला असे धरले तर वर्षाला दीड लाख. फुटणे, बॅटरी, चार्जर यांसाठी किमतीच्या दहा टक्के, म्हणजे ६०,०००. इंटरनेट, वीज, कुलपाचे कपाट यांसाठी ३०,०००. एकूण वर्षाला २ लाख ४० हजार. दर मुलामागे ४,००० रुपये.

आता दुसरी रीत. पुस्तके आहेत तशीच. शाळेत एक मोठा टीव्ही ४०,००० चा आणि आळीपाळीने वापरायला सहा टॅब ६०,००० चे. मिळून १ लाख. चार वर्षांत वाटले तर वर्षाला २५,०००. दुरुस्ती १०,०००. इंटरनेट आणि वीज १५,०००. एकूण ५०,०००, दर मुलामागे साधारण ८३३ रुपये.

देणगीदार पहिले सहा लाख देईल. पण पुढची ९०,००० रुपयांची वार्षिक भर कोण घालणार? आणि पाचव्या वर्षी पुन्हा सहा लाख? ठिबकचा संच अनुदानावर बसवला आणि फिल्टर साफ करायला कोणी नाही, तर काय होते हे आपण आपल्या रानात पाहिले आहे. नळ्या बांधावर गुंडाळून पडतात. टॅबचेही तसेच होते, फक्त ते कपाटात पडतात म्हणून दिसत नाहीत.

८. कोप्यांवरच्या मुलांचा विचार

एका गोष्टीचा विसर पडू नये. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगरकडून तोडणीच्या टोळ्या येतात. सोबत त्यांची पोरं. त्यांच्यासाठी साखरशाळा, हंगामी वसतिगृहे, शिक्षण हमी कार्ड अशा योजना झाल्या, तरी पुष्कळ पोरांचे वर्ष उसाच्या फडातच बुडते.

या मुलाला टॅबपेक्षा बालभारतीचे पुस्तक का उपयोगी, ते पाहा. बीडच्या शाळेत जो धडा अर्धा सोडून ते आले, तोच धडा आपल्या गावच्या शाळेत चालू असतो. पुस्तक तेच, पान तेच. कोपीवर दिव्याची सोय जेमतेम. यंत्र चार्ज कुठे करायचे? तेव्हा गावातल्या पोरांची वरच्या वर्गात गेल्यावर उरलेली पुस्तके गोळा करून हंगामाच्या सुरुवातीला कोप्यांवर द्यावी आणि त्या मुलांना जवळच्या शाळेत बसवावे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वर्षाच्या मध्येही त्यांना प्रवेश नाकारता येत नाही. ज्यांच्या हातांवर आपला ऊस कारखान्यात जातो, त्यांच्या पोरांसाठी एवढे करणे हे आपल्याला जड नाही.

९. सभेत काय विचारावे

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि एकूण निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. म्हणजे ही वार्षिक सभेसारखीच आपली हक्काची जागा आहे. पण तिथे बसून नुसती सही करून येऊ नये. कोणी टॅब द्यायला आले तर हात जोडून स्वागत करावे आणि पुढील प्रश्न विचारावेत :

(१) टॅबबरोबर छापील पुस्तके चालू राहणार ना?
(२) त्यातला मजकूर मराठीत आणि बालभारतीच्या अभ्यासक्रमाप्रमाणे आहे काय? अभ्यासक्रम बदलला तर नवा कोण भरणार?
(३) इंटरनेट नसताना चालतो काय?
(४) दुरुस्ती किती वर्षे, कोण करणार? कागदावर लिहून द्याल काय?
(५) गुरुजींना आणि बाईंना प्रशिक्षण देणार काय, आणि ते कितींदा?
(६) मुलांची नावे, फोटो, गुण ही माहिती कोणाकडे जाणार?
(७) खेळ आणि नको ती दृश्ये बंद ठेवण्याची सोय आहे काय?
(८) टॅबऐवजी त्याच पैशात वाचनालय, प्रयोगशाळा किंवा सौर पॅनेल देता येईल काय?

आठवा प्रश्न विचारायला संकोच करू नये. देणाऱ्यालाही बहुतेक वेळा शाळेची खरी गरज माहीत नसते.

आपल्याच चाकणच्या बाजूला, खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेला २०२५ साली जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या मतांवरचा पुरस्कार मिळाला. ती शाळा वर आली ती लोकसहभागाने आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याच्या पद्धतीने. अशा शाळेला एखादा दिवस सवड काढून भेट द्यावी. शिवारफेरीला जातो, तशी शाळाफेरी करायला काय हरकत आहे?

थोडक्यात

नवी ऊसजात आली की आपण सगळे रान तिच्याखाली घालत नाही. आधी चार सरी लावतो, उगवण बघतो, खोडवा बघतो, मग वाढवतो. पोरांच्या शिक्षणात याहून जास्त सावधपणा हवा, कारण बुडालेले पीक पुढच्या साली पुन्हा घेता येते, बुडालेली तिसरी-चौथी पुन्हा येत नाही. आमचे मत असे : पाचवीपर्यंत पुस्तक, पाटी, वही हेच मुख्य. त्यापुढे पुस्तकाच्या जोडीला सामायिक टॅब, गुरुजींच्या देखरेखीखाली. पुस्तक काढून टॅब, हे कोणत्याही इयत्तेत नको. पलीकडच्या आयटी पार्कात नोकरी करायची तरी लांब मजकूर नीट वाचून समजणे आणि गणित पक्के असणे हीच पहिली पात्रता लागते.

घरी करावयाचा अभ्यास

१. मुलाचे आणि दप्तराचे वजन करून दहा टक्क्यांचा हिशेब काढा.
२. पुस्तकातला एक क्यूआर कोड मुलासोबत बसून उघडून पाहा.
३. आठ दिवस संध्याकाळी एक तास घरातले सर्व फोन बंद ठेवा, आपला धरून.
४. शाळा व्यवस्थापन समितीची पुढची सभा कधी आहे, हे गुरुजींना विचारून कॅलेंडरवर लिहा, आणि त्या दिवशी पाण्याची पाळी असली तरी सभेला जा.